पोरं पळवणारी टोळी आणि उचल देणारा माणूस

पोस्ट मोठी आहे. सवड काढून वाचा.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक ऑडिओ क्लिप आली. तुमच्याकडंही आली असेल. आपल्या भागात पोरं पळवणारी टोळी फिरायलीय, साधूच्या वेषात आहेत, पांढरी गाडी आहे, लेकरं बाहेर सोडू नका. बोलणारा इतका घाबरून बोलत होता की ऐकणाऱ्याच्या पोटातही गोळा यावा. रात्री साडेदहापर्यंत ती क्लिप पाच ग्रुप फिरून माझ्याकडंच परत आली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघींनी लेकरं शाळेत धाडली नाहीत. मी सवयीप्रमाणं चार फोन केले. कुठं तक्रार नाही, कुठलं लेकरू हरवलेलं नाही. हीच क्लिप दोन-तीन वर्षांखालीही आली होती. तेव्हा गाडी काळी होती, एवढाच फरक.

हे हसण्यावारी नेता येत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी असल्याच अफवेवरून पाच माणसं ठार मारली गेली. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची गरीब माणसं, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारली. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच गेले. या दोन्ही ठिकाणी कुणाचंही लेकरू पळवलं गेलेलं नव्हतं.

आणि मे २०२३ चं मनमाड-भुसावळचं प्रकरण आठवा. दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची ५९ मुलं उतरवून घेतली. मदरशात शिकायला सांगलीकडं चालली होती. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा लागला, चार आठवडे जेलमध्ये बसले. टीव्हीवर दोन दिवस तेच चाललं होतं. पुढं तपासात तस्करीचं काहीच निघालं नाही आणि २०२४ मध्ये पोलिसांनीच केस बंद केली. ती बातमी किती जणांनी वाचली? मी स्वतः पहिल्या दिवशीची बातमी शेअर केली होती. शेवटची केली नाही. कबूल करतो.

आता कुणी म्हणेल, मग टोळी नसतेच का? असते. कोल्हापूरचं अंजनाबाई गावितचं प्रकरण आमच्या पिढीला विसरणं शक्य नाही. मी तेव्हा कॉलेजात जायच्या वयाचा होतो. आई आणि दोन मुली, १९९० ते १९९६ च्या काळात लहान लेकरं उचलायच्या, चोऱ्या करताना ढाल म्हणून वापरायच्या आणि काम झालं की काहींना मारून टाकायच्या. दोघी बहिणींना फाशी झाली, सुप्रीम कोर्टानं २००६ ला कायम केली आणि दयेच्या अर्जाला फार उशीर झाला म्हणून २०२२ ला हायकोर्टानं ती जन्मठेपेवर आणली. हे खरं आहे. रेल्वे स्टेशनवर घरातून पळून आलेल्या पोरावर कुणीतरी नजर ठेवून बसलेलं असतं, हेही खरं आहे.

पण वीसेक वर्षं या जिल्ह्यात बातमीदारी करून, जुने कागद चाळून आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलून माझं मत असं झालंय की आपल्याकडची लेकरं पांढऱ्या गाडीतून जात नाहीत. ती दिवसाढवळ्या, आईबापाच्या डोळ्यांदेखत, बहुतेकदा त्यांनीच हात धरून नेल्यामुळं जातात. मागं काही पैसे दिलेले असतात. आजचं लिहिणं त्या इतिहासावर आहे.

सुरुवात गंगाखेडपासून करावी लागते.

गोदाकाठचं गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचं गाव. त्यांचं मंदिर आहे, आपण सगळे तिथं डोकं टेकवतो, मीही टेकवतो. पण जनाबाई गंगाखेड सोडून पंढरपूरला कशा गेल्या, यावर आपण फार बोलत नाही. परंपरा सांगते की आई लवकर वारली. वडील दमा विठ्ठलाचे भक्त. त्यांनी पोर लहान असतानाच पंढरपूरला नेली आणि दामाशेटी शिंप्याच्या घरी कामाला ठेवली. हे दामाशेटी म्हणजे संत नामदेवांचे वडील, मूळ नर्सीचे. नर्सी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होती. म्हणजे आपल्या जिल्ह्याची एक अनाथ पोर आपल्याच मुलखातल्या एका घराच्या आश्रयाला परगावी गेली. जन्मभर तिथं दळण, कांडण, पाणी, शेणगोठा. नामदेवांची दासी ही ओळख तिनं स्वतःच लावून घेतली.

मला गैर समजू नका. दामाशेटींचं घर चांगलं होतं, पोर तिथं वाढली आणि जनाबाई झाली. पण चांगलं घर मिळालं हा नशिबाचा भाग होता. आई मेलेली, बाप एकटा, पोर लहान, मग ती कुणाच्या तरी घरी कामाला ठेवायची, ही रीत तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होती. सातशे वर्षांत त्या रीतीतून किती पोरी गेल्या असतील? त्यातल्या एकीचंच मंदिर झालं.

मध्ययुगातला काळ भराभर सांगतो, कारण लेकरांच्या नोंदी कुणी ठेवतच नव्हतं. दुष्काळ आला की तेवढी नोंद होते. १६३०-३२ चा दुष्काळ दख्खन आणि गुजरात दोन्हीकडं पडला. तुकोबांच्या पहिल्या बायकोचा घास घेतला तो हाच. त्या वेळी सुरतेहून आग्र्याकडं निघालेला पीटर मंडी नावाचा इंग्रज आईबापांना किरकोळ पैशांत लेकरं विकताना आणि कुणी नेलं तर फुकटसुद्धा देताना बघून गेला, आणि ते त्यानं लिहून ठेवलं. निदान जगेल तरी, एवढाच त्यामागं हिशोब. पेशवाईच्या दप्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे, विकत घेतलेली दासी. लढाईत धरून आणलेल्या, दुष्काळात विकलेल्या पोरी-बायका सरकारी कोठीवर, पागेत, सरदारांच्या वाड्यांत राबायच्या. आपला इतिहास तलवारीचा म्हणून शिकवतात. त्या पागेत शेण कोण काढत होतं, ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला दिसलं नाही.

इंग्रजांनी १८४३ ला कायदा करून गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. १८६० च्या दंडसंहितेत माणूस विकत घेणं आणि अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणं किंवा घेणं गुन्हा ठरवलं. पण आपण त्यात नव्हतो. पैनगंगेच्या पलीकडं वऱ्हाडात इंग्रजी अंमल, अलीकडं निजाम. कायदा नदीकाठापर्यंत येऊन थांबायचा. आणि पलीकडं तो होता म्हणून तिकडं फार काही बदललं, असंही नाही.

मग आले एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचे दोन दुष्काळ, १८९६-९७ चा आणि त्याच्या मागोमाग १८९९-१९०० चा, ज्याला जुनी माणसं छप्पन्नचा म्हणतात. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ला आठ लाखांच्या पुढं होती. १९०१ च्या शिरगणतीत ती साडेसहा लाखांच्या आत आली. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती. दहा वर्षांत पाच माणसांतला एक कमी. काही मेले, काही परागंदा झाले. याच सुमाराला मनमाडहून सेलू, परभणी, पूर्णा मार्गे हैदराबादकडं जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे झाली. धान्य यायला रेल्वे उपयोगी पडली, आणि माणसं निघून जायलाही.

या दुष्काळात लेकरांचं काय झालं हे कळायचं असेल तर पंडिता रमाबाईंकडं वळावं लागतं. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात उपासानं गेले होते. त्यामुळं १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळताच त्या घरी बसल्या नाहीत. तिकडं गेल्या आणि शेकडो पोरी घेऊन आल्या. त्यांतून केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. त्यांनी त्या वेळी एक गोष्ट सांगितली ती महत्त्वाची आहे. दुष्काळी भागात त्यांच्या आधीच काही माणसं पोचलेली होती आणि तीही पोरीच गोळा करत होती, वाईट धंद्यासाठी. म्हणजे शर्यत होती. आधी कोण पोचतं, त्यावर पोरीचं आयुष्य ठरायचं. रमाबाईंनी त्या पोरींना ख्रिस्ती केलं यावर आपल्याकडं शंभर वर्षं वाद चाललाय. वाद घालायला हरकत नाही. पण तिथं तिसरं कुणी पोचलेलं नव्हतं, हेही त्या वादात धरावं. त्याआधी, १८७७ च्या दुष्काळात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी धनकवडीला दुष्काळातल्या लेकरांसाठी बालाश्रम चालवला होता. असली माणसं बोटावर मोजण्याइतकी.

आता मी ज्या कायद्याकडं येतोय तो तुमच्यातल्या वकिलांनीही फारसा ऐकला नसेल. १९२९ ते ३१ मध्ये इंग्रज सरकारनं कामगारांच्या स्थितीवर व्हिटली कमिशन नेमलं. कमिशनला विडीच्या आणि गालिच्याच्या कारखान्यांत पाच-पाच, सहा-सहा वर्षांची लेकरं आढळली. आईबापांनी मालकाकडून आगाऊ रक्कम घेतलेली, आणि ती फिटेपर्यंत पोरगं तिथं गहाण. त्यावरून १९३३ ला बालश्रम गहाण ठेवण्याविरुद्ध कायदा झाला. पंधरा वर्षांखालच्या लेकराचं काम आगाऊ पैशापोटी गहाण ठेवणारा करार रद्दबातल. आईबापाला पन्नास रुपयांपर्यंत दंड. करार करणाऱ्याला आणि ते माहीत असून लेकराला कामावर ठेवणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत.

मला त्यातलं एक कलम फार आवडतं. लेकराला योग्य मजुरी मिळत असेल, त्याला इजा होत नसेल आणि एका आठवड्याच्या नोटिशीनं काम सोडता येत असेल, तर तो करार गहाणवट धरायचा नाही. म्हणजे आठ दिवसांत सोडून जाता येतं का, ही खूण. सोडता येत नसेल तर ती नोकरी नाही. नव्वद वर्षांखाली कुणीतरी इतकं सोपं करून ठेवलं होतं.

हाही कायदा आपल्याला लागू नव्हता. आपण निजामात. तिकडं तेलंगणात भगेला नावाची पद्धत होती. कर्जापोटी बाप राबायचा, तो थकला की पोरगा त्याच्या जागी. निजाम सरकारलाही पुढं त्यावर नियम करावे लागले. आपल्या मराठवाड्यात भगेला शब्द नव्हता. आपल्याकडं सालगडी होता, आणि आहे.

सालगड्याची पद्धत नव्या पोरांना सांगतो. पाडव्याला साल धरायचं, पुढच्या पाडव्याला सुटायचं. बोली ठरते, काही रक्कम उचल म्हणून आधी घ्यायची, काही ज्वारी, एखादं धोतर-चप्पल. मोठा माणूस स्वतःच्या मर्जीनं साल धरतो तोवर तो व्यवहार म्हणता येईल. पण नड मोठी असली की बाप स्वतःबरोबर पोरगंही द्यायचा. बाप औताला, पोरगं गुरांमागं. पोराची वेगळी मजुरी नसायची. त्याचं खाणं म्हणजेच त्याची मजुरी.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. आमच्या वाड्यात असा एक पोरगा होता.

मी चौथीत असेन, म्हणजे १९८९-९० ची गोष्ट. तो माझ्याच वयाचा. माझ्या आजोबांनी त्याच्या बापाला दोन पोती ज्वारी आणि काही पैसे दिले होते. किती ते मला माहीत नाही, आणि आता सांगायला कुणी राहिलं नाही. पोरगं आमच्याकडं आलं. गुरं सोडायची, संध्याकाळी आणायची, गोठ्यातच झोपायचं. माझे जुने शर्ट त्याला जायचे. आजी त्याला ताटात वाढायची, पण ताट वेगळं आणि जागा ओसरीच्या खाली. त्याला कधी कुणी मारलेलं मला आठवत नाही. घरात सगळे म्हणायचे, पोरगं आपल्याकडं सुखात आहे, त्याच्या घरी होतं काय? मला शाळेत सोडायला बैलगाडी यायची, ती हाकायला कधीकधी तोच असायचा. दर पाडव्याला त्याचा बाप यायचा, आजोबा वही काढायचे, हिशोब व्हायचा आणि काहीतरी बाकी निघायची. बाप वहीकडं बघायचा. त्याला वाचता येत नव्हतं.

तोवर देशात काय काय झालेलं होतं बघा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम गेला. २३ व्या कलमानं घटनेत माणसांचा व्यापार आणि वेठबिगार बंद झाली, २४ व्या कलमानं चौदा वर्षांखालच्या लेकरांना कारखान्यांत आणि धोक्याच्या कामांवर ठेवायला बंदी आली. १९७५ ला आणीबाणीत वटहुकूम निघाला, १९७६ ला वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. १९८६ ला बालमजुरीचा कायदा आला. पण त्या १९८६ च्या कायद्यात फक्त ठरावीक धोक्याचे धंदे होते. शेत नव्हतं, गुरं नव्हती, घरकाम नव्हतं. घरकाम आणि हॉटेल-ढाबे तर थेट ऑक्टोबर २००६ ला त्यात आले. म्हणजे बालमजुरीच्या कायद्याला आमच्या गोठ्यातलं पोरगं दिसत नव्हतं. वेठबिगारीच्या कायद्याला दिसायला पाहिजे होतं, पण त्यासाठी कुणीतरी त्याला वेठबिगार म्हणायला पाहिजे होतं. आमच्या घरात जिल्हा परिषदेचे मास्तर जेवायला यायचे, तलाठी यायचा. कुणी म्हटलं नाही.

तीनेक वर्षांनी तो पोरगा गेला. पळून नाही. त्याच्या बापानं उसाची उचल घेतली आणि सगळं घर तोडीला निघालं. आजोबांची बाकी मुकादमानं भागवली, असं नंतर कानावर आलं.

इथं जिल्ह्याची गोष्ट बदलते, म्हणून थोडं मागं जाऊ. १९७२ च्या दुष्काळात आपल्या लोकांनी खडी फोडली, नाला बंडिंग केलं, सुकडी खाल्ली. त्यातून रोजगार हमी आली, तिचा कायदा १९७७ ला मंजूर होऊन १९७९ ला अमलात आला. पण त्याच काळात पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने वाढत होते आणि त्यांना तोडायला हात पाहिजे होते. बीडच्या मागोमाग आपले गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी, जिंतूर या तालुक्यांतले कोरडवाहू लोक दसरा-दिवाळीला निघायला लागले. पाडव्याला धरलेलं साल सुटलं आणि दसऱ्याला मुकादमाची उचल आली. मालक बदलला. आगाऊ घेतलेली रक्कम तशीच राहिली.

उसाच्या हिशोबात माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा. उचल कोयत्यावर मिळते. आता यात लेकरू कुठं बसतं? कुठंच नाही, आणि सगळीकडं. आठ-नऊ वर्षांची पोरगी कोपीवर तान्ह्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. दहा-बारा वर्षांचं पोरगं मोळ्या बांधायला लागतं, वाढं गोळा करतं. कुठल्याच रजिस्टरला त्यांचं नाव नाही, पण ती नसतील तर कोयता चालत नाही. एका अड्ड्यावर मी एका बाईला विचारलं होतं, पोरीला आजीजवळ का नाही ठेवलं? ती म्हणाली, "आजी आंधळी हाय. वयात येयलेली पोर गावात एकली ठिवून मी हितं कशी झोपू?" या प्रश्नाला माझ्याकडं तेव्हाही उत्तर नव्हतं.

याच प्रश्नाचं उत्तर लोकांनी आपलं आपण काढलं. लग्न. पोरगी उजवली की जबाबदारी गेली, आणि तिकडच्या घराला अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता झाला. लग्नाचा खर्चही कधीकधी मुकादमाच्याच उचलीतून निघतो. कारखान्यावर, हंगाम चालू असतानाच लावलेल्या लग्नांना उसाच्याच भाषेतलं नाव आहे, गेटकेन. मुळात गेटकेन म्हणजे बाहेरच्या हद्दीतून आलेला ऊस.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांना विचारलं की तुमचं लग्न अठराच्या आत झालं का. राज्यात हो म्हणणाऱ्या निघाल्या सुमारे २२ टक्के. परभणी जिल्ह्यात ४८ टक्के. महाराष्ट्रात पहिला नंबर आपला, बीड आपल्यामागं. आपल्या जिल्ह्याचा कशात पहिला नंबर आला की आपण फ्लेक्स लावतो. याचा कुणी लावला नाही.

कुणी म्हणेल, बालविवाह वेगळा आणि मुलांची तस्करी वेगळी, पत्रकारानं शब्द जपून वापरावेत. बरोबर आहे. प्रत्येक बालविवाह म्हणजे विक्री नव्हे, आणि प्रत्येक ऊसतोड बाप हा गुन्हेगार तर अजिबात नव्हे. पण कायदा काय म्हणतो ते वाचा. २०१३ ला दंडसंहितेचं ३७० वं कलम बदललं, आता ते न्याय संहितेत १४३ वं आहे. शोषणासाठी माणसाची ने-आण करणं म्हणजे तस्करी. त्यात पळवून नेणं आहे, फसवणं आहे, आणि आणखी एक गोष्ट आहे: ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याची संमती मिळवण्यासाठी पैसे किंवा फायदा देणं. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या आजोबांची वही दिसली. दोन पोती ज्वारी.

हे जुनं झालं, असं वाटत असेल तर सप्टेंबर २०२२ आठवा. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावच्या कातकरी वस्तीवरची दहा वर्षांची एक पोर नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळाकडं राबायला दिलेली होती. मरायला टेकली तेव्हा कुणीतरी तिला रात्री आईबापाच्या झोपडीपुढं आणून टाकलं. ती दवाखान्यात गेली. मग चौकशी झाली आणि अशी आणखी कितीतरी लेकरं निघाली. त्यांचा भाव काही हजार रुपये आणि एखादी मेंढी. तिथं कुठली टोळी नव्हती, पांढरी गाडी नव्हती. बापाला उचल दिलेली होती.

आता त्या आमच्या वाड्यातल्या पोराचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय ही पोस्ट लिहिण्यात काही अर्थ नाही.

मागच्या वर्षी मे महिन्यात तो माझ्याकडं आला. तीस-बत्तीस वर्षांनी. केस पांढरे झालेले, बोटं उसाच्या पाचटानं चिरलेली. हातात पत्रिका. धाकट्या पोरीचं लग्न, अक्षता टाकायला या म्हणाला. मी पोरीचं वय विचारलं. तो म्हणाला, "असंल सोळा-सतरा. दिसायला मोठी हाय." शाळा कधी सोडली विचारलं तर सातवी. मी मनात हिशोब केला, सोळाही नव्हती.

मी त्याला समजावलं, कायदा सांगितला. तो ऐकून घेऊन गेला. दोन दिवस मी अस्वस्थ होतो. मग १०९८ ला फोन केला. दुसऱ्या दिवशी माणसं गेली, ग्रामसेवक, अंगणवाडीताई, पोलीस. लग्न थांबलं. आईबापाकडून हमीपत्र लिहून घेतलं. परभणीच्या पेपरांत दोन कॉलमी बातमी आली, बालविवाह रोखण्यात यश. ती बातमी मी दिली नव्हती, पण वाचून बरं वाटलं होतं.

त्यानंतर काय झालं? हमीपत्र फायलीला लागलं. पोर घरीच होती. शाळेत परत घालायला कुणी गेलं नाही, मीही नाही. लग्नासाठी घेतलेले पैसे मोडून खर्च झालेले, ते फेडायला उचल वाढवून घेतली. दसऱ्याला सगळे गेले, पोरगीही. डिसेंबरात तिकडंच, कारखान्यावर, तिचं लग्न लागलं. पाडव्याच्या पुढं तो गावी आला तेव्हा बाजारात गाठ पडली. फोन कुणी केला होता हे त्याला कळलेलं होतं. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, मी तुमच्या गोठ्यात होतो तवा कुणी फोन केला न्हाई."

तेव्हा फोन करायला १०९८ नव्हता, ती सेवा मुंबईत १९९६ ला सुरू झाली, असं काहीतरी मी बोलणार होतो. बोललो नाही ते बरं झालं.

मला अजूनही वाटतं की फोन केला ते चुकलं नाही. पण फोन केल्यावर माझं काम संपलं असं मी धरलं, ते चुकलं. मे ते दसरा पाच महिने होते. त्या पाच महिन्यांत ती पोर आठवीत बसली असती, तिला राहायला जागा मिळाली असती, तर डिसेंबरात ती कारखान्यावर नसती. जागा कागदावर आहेत. तोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवायची योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहं मंजूर आहेत. पण दरवर्षी माझा अनुभव असा की ट्रक दसऱ्याला निघतात आणि हंगामी वसतिगृहाची मान्यता नंतर येते. लेकरू एकदा ट्रकमध्ये चढलं की वसतिगृह सुरू झालं काय आणि न झालं काय.

म्हणून यंदा मी एक काम हातात घेतलंय आणि त्यात तुमची मदत पाहिजे. तुमच्या गावातून किती कोयते जाणार आहेत, सोबत शाळेतली किती लेकरं जातील, आणि शाळेनं हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवला का, एवढं मुख्याध्यापकांना विचारा आणि मला कळवा. तारखेसकट. लेकरांची नावं नकोत, फक्त आकडे. आतापर्यंत माझ्याकडं अकरा गावांचे आकडे आलेत. त्यातल्या सात गावांत प्रस्तावच गेलेला नाही. घटस्थापनेच्या आधी मी ही यादी घेऊन जिल्हा परिषदेत जाणार आहे. सोबत यायचं असेल त्यांनी फोन करा, नंबर तुमच्याकडं आहेच.

आणि ती क्लिप परत आली तर पुढं ढकलू नका.